बिघडलेलें कार्ड व त्यांतील साधनें

कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'कार्ड वाचतां येत नाहीं' अशी सूचना उमटली म्हणजे आंतील छायाचित्रें नष्ट झालीं, अशी समजूत साधनसंग्रहाचें काम करणाऱ्या पुष्कळ मंडळींत आढळते. ही समजूत बहुतेक प्रसंगीं चुकीची असते. इतकेंच नव्हे, तर तिच्यापायीं मनुष्य घाईनें जे उपाय करूं लागतो, त्यांनींच पुष्कळदां छायाचित्रांचा खरा नाश होतो. कार्डांत काय व कोठें लिहिलेलें असतें, त्यांतील कोणता भाग बिघडतो व कोणता शाबूत राहतो, आणि शाबूत भाग बाहेर कसा काढावा, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. विषय यंत्राचा दिसला तरी त्याचा आपल्या कामाशीं निकटचा संबंध आहे.

पुण्याच्या वायव्येपासून उत्तरेपर्यंतचा, पवना व इंद्रायणी ह्यांच्या कांठचा चिंचवड, देहू, आळंदी, चाकण हा टापू जुन्या साधनांनीं संपन्न आहे. चिंचवडास मोरया गोसावी ह्यांचें समाधिमंदिर व देवस्थान. चाकणास संग्रामदुर्ग, जो १६६० त फिरंगोजी नरसाळा ह्यानें शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध दीड महिन्याहून अधिक काळ लढविला. शिवाय गांवोगांव वीरगळ, सतीशिळा, विहिरी, पार आणि जुन्या घराण्यांचीं दप्तरें. ह्याच टापूंत पिंपरीस १९५४ त हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पुढें आकुर्डी, भोसरी, चिंचवड येथें कारखान्यांची दाटी झाली, १९८२ त पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि चालू शतकाच्या आरंभापासून मोटारींच्या कारखान्यांबरोबर हाच ओघ चाकणकडे वळला. कारखान्यांविषयीं आमची तक्रार नाहीं. त्यांनीं हजारों घरें जगविलीं आहेत. परंतु जमिनीचा भाव चढला म्हणजे वाडा पडतो, रस्ता रुंद होतो, देवळाचा जीर्णोद्धार होतो, आणि पाराशेजारचा वीरगळ एक तर नव्या चौथऱ्याच्या बांधकामांत जातो किंवा तैलरंगाच्या थराखालीं दडतो. वाड्याच्या माळ्यावरील पेटींतले कागद कोठें जातात हें वाचकांस सांगावयास नको.

अशा ठिकाणीं संशोधक एक दिवस जातो. घरमालक कागद हातावेगळे करण्यास तयार नसतो, व तें योग्यही आहे. तो ओटीवर बसून कागद उलगडून दाखवितो आणि संशोधक एकामागून एक छायाचित्रें घेतो. पुढच्या खेपेस वाडा जाग्यावर असेल अशी खात्री नसते. तेव्हां तें छायाचित्र ही सोयीसाठीं घेतलेली प्रत न राहतां त्या साधनाची एकमेव नक्कल होऊन बसते.

येथें जुन्या व नव्या रीतींत एक फरक आहे, तो आमच्या मतें पुरेसा लक्षांत घेतला जात नाहीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनीं १८९८ त 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्या काळीं नक्कल म्हणजे हातानें केलेली नक्कल. ती करणारा मजकूर वाचीत असे. त्याची वही हरवली तरी पत्र कोणाचें, कोणास, कशाविषयीं, एवढें तरी त्याच्या डोक्यांत राही. कॅमेरा घेऊन जाणारा मोडी वाचूं शकत असला तरी त्या वेळीं वाचीत नाहीं. घरीं जाऊन वाचूं म्हणतो. म्हणून कार्ड बिघडलें तर त्याच्यापाशीं कांहींच उरत नाहीं, कागदावर नाहीं आणि स्मरणांतही नाहीं.

कार्डाच्या आंत सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर कोट्यवधि सूक्ष्म कोठड्या असून प्रत्येक कोठडींत विजेचा किंचित् भार कोंडून ठेवलेला असतो. भार आहे कीं नाहीं, व असल्यास किती, ह्यावरून शून्य व एक ह्या दोन अंकांची लिपि वाचली जाते. कोठडीच्या भोंवतीं विद्युद्रोधक थर असल्यामुळें बाहेरची वीज बंद झाली तरी भार आंत राहतो. ह्या युक्तीचें आज प्रचारांत असलेलें रूप तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका ह्यांनीं १९८४ त जगापुढें मांडलें. १९९९ त मात्सुशिता, सॅनडिस्क व तोशिबा ह्या तीन कंपन्यांनीं मिळून सध्यां सर्वत्र दिसणारें एसडी कार्ड ठरविलें. चकतीबरोबर कार्डांत एक छोटा नियंत्रकही बसविलेला असतो. कोणता मजकूर कोणत्या कोठड्यांत ठेवावयाचा हें तो ठरवितो, व कोठड्या सारख्या झिजाव्यात म्हणून मजकुराच्या जागा आपल्या मनानें बदलीत राहतो.

कोठड्यांत मजकूर कसा मांडलेला असतो हें समजण्यास दप्तरखान्याचा दृष्टांत पुरेसा आहे. दप्तरखान्यांत रुमाल असतात, रुमालांत पुडकीं, पुडक्यांत कागद. आणि दाराशीं कारकुनापाशीं एक यादी असते, तीवरून कोणता कागद कोणत्या रुमालांत आहे तें कळतें. कार्डांतही असेंच आहे. आरंभीं थोड्या जागेंत छायाचित्रांच्या नांवांची यादी व प्रत्येक छायाचित्राचे तुकडे कोणत्या क्रमानें कोठें ठेवले आहेत त्याचा तक्ता असतो. उरलेल्या सर्व जागेंत छायाचित्रांचा मजकूर असतो. यादी व तक्ता ह्यांनीं व्यापलेली जागा एकंदरीच्या मानानें अगदीं अल्प असते, परंतु छायाचित्र काढतांना प्रत्येक वेळीं तिच्यांत फेरफार होतो. मध्येंच बॅटरी संपली, लिहिणें चालू असतां कार्ड उपटलें, संगणकावर उतरून घेतांना वीज गेली, कीं अर्धवट राहते ती बहुधा ही यादी. कॅमेरा फक्त यादीवरून चालतो. यादी त्यास लागली नाहीं म्हणजे तो 'कार्ड वाचतां येत नाहीं' म्हणतो. दाराशीं बसलेला कारकून यादी फाटली म्हणून दप्तरखाना रिकामा आहे असें सांगूं लागला, तर आपण त्याचें म्हणणें मानणार नाहीं. कॅमेऱ्याचें मात्र मानतो.

छायाचित्र चुकून पुसलें गेलें तरी स्थिति हीच. ३२ गिगाबाईटपर्यंतच्या कार्डांवर जी पद्धति सामान्यतः चालते, तींत पुसणें म्हणजे यादींतील नांवाचें पहिलें अक्षर बदलून तेथें 'ही जागा रिकामी समजावी' अशी खूण करणें, व तक्त्यांतील त्याच्या नोंदी काढून टाकणें, एवढेंच होय. मजकूर जेथला तेथें असतो. संपूर्ण कार्ड फॉरमॅट केलें तरी साधारणतः नवी कोरी यादी घातली जाते व जुना मजकूर तिच्या मागें पडून राहतो. कांहीं कॅमेरे मात्र फॉरमॅट करतांना सर्व कोठड्या खरोखर रित्या करण्याची आज्ञा कार्डास देतात. तेथें आशा थोडी. मोबाईल फोनाच्या अंगच्या साठ्यांतही पुसलेला मजकूर फार काळ टिकत नाहीं, कारण रिकामी ठरलेली जागा फोन स्वतःच लवकर साफ करून घेतो.

ह्यावरून पहिला नियम निघतो. बिघाड दिसतांच त्या कार्डावर दुसरें कांहीं लिहूं नये. एकही नवें छायाचित्र घेऊं नये, 'एकदां काढून पाहूं' म्हणूनही नाहीं. पाटीवर पुसून पुन्हां लिहिलें तरी जुनीं अक्षरें तिरप्या उजेडांत कधीं कधीं वाचतां येतात. ह्या कोठड्यांत तशी सोय नाहीं. तेथला जुना भार एकदां काढून टाकून नवा भरला कीं जुन्याचा मागमूस राहत नाहीं. कॅमेरा 'फॉरमॅट करूं काय?' असें विचारतो, संगणक 'दुरुस्त करूं काय?' असें विचारतो; दोघांसही नकार द्यावा. संगणकाच्या दुरुस्तीचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो. ती यादी व तक्ता ह्यांचा परस्पर मेळ बसविते. छायाचित्र पुरें व्हावें हा तिचा हेतु नसतो. ज्या तुकड्यांचा धनी सांपडत नाहीं ते ती अनुक्रमांक घालून निराळे टाकते, किंवा ती जागा मोकळी झाल्याचें लिहून मोकळी होते. बहुतेक एसडी कार्डांच्या बाजूस एक लहानसा खटका असतो, तो खालीं सरकविला म्हणजे संगणकानें त्यावर लिहूं नये अशी खूण होते. कार्ड संगणकास जोडण्यापूर्वी तो सरकवून घ्यावा. बारीक कार्डांस खटका नसतो, परंतु तीं ज्या खोळींत बसवितात तिला असतो.

दुसरा नियम आपल्या शास्त्रांतील जुनाच आहे. जीर्ण कागदाचें वाचन मूळ कागद वारंवार हाताळून करीत नाहींत. आधीं एकदां प्रत घेतात व प्रतीवर काम करतात. कार्डाचीही आधीं समग्र प्रत घ्यावी. येथें प्रत म्हणजे दिसणाऱ्या छायाचित्रांची प्रत नव्हे, तर पहिल्या कोठडीपासून शेवटच्या कोठडीपर्यंत जें जें आहे, रिकामें म्हणून नोंदलेलें सुद्धां, त्याची क्रमवार प्रत. कार्ड ३२ गिगाबाईटचें असेल तर संगणकांत तेवढी मोकळी जागा पाहिजे. ह्या कामास डीडीरेस्क्यू नांवाचा विनामूल्य कार्यक्रम उत्तम आहे. तो जेथें अडखळेल तेथें हटून बसत नाहीं. चांगला भाग आधीं उतरून घेतो, वाईट जागांची टाचणवही ठेवतो व मागाहून त्या जागांकडे पुन्हां वळतो. मरणोन्मुख कार्डाच्या बाबतींत हा क्रम फार मोलाचा, कारण अवघड जागीं डोकें आपटीत बसलें तर सोपें तेंही हातचें जातें. प्रत हातीं आली कीं मूळ कार्ड पाकिटांत घालून वर तारीख लिहून बाजूस ठेवावें.

आतां प्रतींतून छायाचित्रें काढणें. यादीचे कांहीं अवशेष उरले असतील तर टेस्टडिस्कसारखा कार्यक्रम यादी पुन्हां उभी करूं पाहतो. तसें झालें तर नांवें, क्रम सर्व परत मिळतें. यादी अजीबात गेली असेल तर त्याचाच जोडीदार फोटोरेक हा दुसरा मार्ग धरतो. दोन्ही कार्यक्रम फ्रान्समधील क्रिस्तोफ ग्रेनिए ह्यांनीं केलेले असून विनामूल्य मिळतात. फोटोरेकची रीत आपल्या वाचकांस शिकवावी लागणार नाहीं. यादी नसलेलें, सुटे कागद एकांत एक मिसळलेलें पुडकें आपल्यापुढें आलें तर आपण काय करतों? माथ्यावर 'श्री' दिसला कीं नवें पत्र सुरू झालें असें धरतों, आणि 'लेखनसीमा' किंवा 'मर्यादेयं विराजते' असें मोर्तब दिसलें कीं तें संपलें असें धरतों. छायाचित्राच्या प्रचलित जेपेग रूपासही असाच श्रीकार व असेंच मोर्तब आहे. त्याचा आरंभ २५५ व २१६ ह्या दोन अंकांनीं होतो व शेवट २५५ आणि २१७ ह्यांनीं. फोटोरेक यादीकडे ढुंकूनही न पाहतां सर्व कोठड्या वाचीत जातो, श्रीकार आढळला कीं उचलूं लागतो व पत्राचा शेवट लागला कीं थांबतो. पत्रांत दुसऱ्या पत्राची नक्कल उतरलेली असावी त्याप्रमाणें बहुतेक छायाचित्रांच्या पोटांत त्यांचीच एक चिमुकली प्रतिकृतिही असते, व तिला स्वतंत्र आरंभ व शेवट असतो. मोठें चित्र गेलें तरी कधीं कधीं ही प्रतिकृति सांपडते. तिजवरून दगड ओळखतां येतो, अक्षर मात्र लागत नाहीं.

ह्या मार्गांत दोन उणिवा आहेत. पहिली ही कीं, जुनीं नांवें जातात व छायाचित्रांस नुसते आंकडे मिळतात. एका पत्राचे चार बंद चार छायाचित्रांत असतील तर त्यांचा क्रम लावणें आलें. सुदैवानें प्रत्येक छायाचित्राच्या पोटांत तें घेतल्याची तारीख व वेळ, अगदीं सेकंदापर्यंत, लिहिलेली असते. कॅमेऱ्याचें घड्याळ बरोबर लावलेलें असेल तर तीवरून क्रम लागतो. दुसरी उणीव अधिक गंभीर. एका छायाचित्राचे तुकडे सलग नसून विखुरलेले असतील, तर आरंभापासून सरळ वाचीत जाणाऱ्यास मध्यें परक्या छायाचित्राचा मजकूर लागतो. तुकडे विखुरतात ते बहुधा आपल्याच एका सवयीमुळें. शेतांत उभें राहून कॅमेऱ्यावरच वाईट छायाचित्रें एकेक करून पुसलीं जातात; मध्यें मध्यें भोकें पडतात; पुढील मोठें छायाचित्र एका भोकांत मावत नाहीं म्हणून दोनतीन ठिकाणीं वांटून ठेवलें जातें. यादी शाबूत असेपर्यंत ह्याची बाधा नाहीं. ती गेली कीं अशीं छायाचित्रें जुळविणें जवळजवळ अशक्य होतें. कार्ड स्वस्त झालीं आहेत. कामाच्या ठिकाणीं एकही छायाचित्र पुसूं नये, घरीं येऊन सर्व उतरल्यावर मग निवड करावी.

जेपेग छायाचित्र वरून खालीं, डावीकडून उजवीकडे असें लिहिलेलें असतें, व मागल्या तुकड्याच्या आधारानेंच पुढला वाचतां येतो. म्हणून मध्यें तुटलें म्हणजे वरचा भाग स्पष्ट व खालचा करडा किंवा भलत्याच रंगांचा असा देखावा दिसतो. ह्याचा परिणाम आपल्या विषयांत कसा होतो तें पाहण्यासारखें आहे. चाकणच्या पलीकडील एका खेड्यांतील वीरगळांचीं छायाचित्रें असलेलें कार्ड आमच्यापुढें आलें होतें. तें बिघडल्यावर छायाचित्रकारानें एका दुकानीं दाखविलें. तेथें तें 'चालतें कीं नाहीं' हें पाहण्यासाठीं फॉरमॅट करून वर दोनचार छायाचित्रें घेण्यांत आलीं. तरीसुद्धां बहुतेक साऱ्या छायाचित्रांचा उद्धार झाला, ह्यावरून ह्या रीतीची शक्ति दिसून येईल. परंतु नवीं छायाचित्रें जेथें पडलीं तेथलीं जुनीं गेलीं, व त्यांच्या लगतच्या एका वीरगळाचें छायाचित्र अर्धेंच मिळालें. वीरगळाची मांडणी वाचकांस परिचित आहे: माथ्याशीं चंद्रसूर्य, त्याखालीं शिवपूजा करणारा वीर, मधल्या पट्टींत त्यास स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, आणि तळच्या पट्टींत ज्या लढाईंत तो पडला तो प्रसंग. वरच्या पट्ट्या सर्व वीरगळांवर थोड्याफार सारख्याच असतात. तो वीर गाईंसाठीं लढला, वाघाशीं लढला कीं घोडेस्वारांशीं, हें तळची पट्टीच सांगते. छायाचित्रांत वरच्या दोन पट्ट्या स्वच्छ आल्या आहेत व तळची संपूर्ण करडी आहे. तो दगड मधल्या काळांत देवळाच्या नव्या चौथऱ्यांत बसविला गेला असून त्याचा तळचा भाग सिमेंटांत आहे.

आतां थोडें विषयांतर करतों. तें व्यर्थ जाणार नाहीं. चिंचवडच्या समाधिमंदिराच्या दारावरील शिलालेखांत कामाचा आरंभ शके १५८० विलंबी संवत्सरीं कार्तिक शुद्ध द्वादशीस झाला व शके १५८१ विकारी संवत्सरीं आषाढ शुद्ध चतुर्थीस, सोमवारीं, तें पुरें झालें असें नमूद आहे. कोरणारानें एकच गोष्ट कितीदां सांगितली आहे पाहा. शक दिला, संवत्सर दिलें, मास व तिथि दिली आणि वारही दिला. गणित करून पाहतां शके १५८१ हें विकारी संवत्सरच येतें, आणि त्या वर्षीं आषाढ शुद्ध चतुर्थी जुन्या इंग्रजी गणनेनें १३ जून १६५९ रोजीं, म्हणजे सोमवारींच पडते. लेख निर्दोष आहे हें लेखच सिद्ध करतो. समजा, १५८१ ह्यांतील शेवटचा आंकडा झिजून गेला असता. तरी साठ वर्षांच्या चक्रांत विकारी एकदांच येतें, तेव्हां तो आंकडा घरबसल्या परत बसवितां आला असता. जमाखर्चांत आपण ज्यास ताळा म्हणतों तोच हा प्रकार.

कार्डाचा नियंत्रक क्षणोक्षणीं हेंच करीत असतो. कोठड्यांतील भार कांहीं कारणानें थोडा उतरतो, कांहीं अंक चुकीचे वाचले जातात. म्हणून मजकुराच्या प्रत्येक तुकड्याबरोबर तो ताळ्याचे जादा अंक लिहून ठेवतो व वाचतांना त्यांच्या आधारें चुकलेले अंक दुरुस्त करतो. ह्या विद्येचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेंतील रिचर्ड हॅमिंग हे प्रमुख होत. त्यांचा निबंध १९५० त प्रसिद्ध झाला. परंतु ताळ्यासही मर्यादा आहे. शिलालेखांतील शक, संवत्सर, तिथि, वार चारही झिजले तर कोणता ज्योतिषी काय करणार? तसेंच एका तुकड्यांत ठराविक संख्येपेक्षां अधिक अंक बिघडले कीं नियंत्रक हात टेकतो.

चिंचवडच्या कोरणाराची ही सावधगिरी आपणांसही करतां येण्यासारखी आहे. प्रत्येक रुमालाच्या किंवा शिळेच्या पहिल्या छायाचित्रांत एक चिठ्ठी ठेवावी: गांव, ठिकाण, रुमाल व कागद ह्यांचे अंक, दिनांक आणि वारसुद्धां. शेजारीं मोजपट्टी ठेवावी. कागदाच्या प्रत्येक बंदाशेजारीं त्याचा अंक दिसेल असें करावें. नांवें व यादी सर्व गेली, नुसत्या आंकड्यांचीं शेंकडों छायाचित्रें फोटोरेकमधून बाहेर पडलीं, तरी प्रत्येक छायाचित्र आपली ओळख आपणच सांगेल.

आतांपर्यंत सांगितलें तें यादीच्या बिघाडाविषयीं. कांहीं वेळां माल खरोखरच गेलेला असतो. पुण्यांत जानेवारी २००३ मध्यें जुन्या नायट्रेटच्या चित्रपटफितींच्या साठ्यास आग लागली. कोणत्या फिती गेल्या तें सांगतां येतें, फिती परत येत नाहींत. कार्डाचाही असा अंत होतो. पत्रा वांकून चकती तडकली, नियंत्रक जळाला, कार्ड जोडल्यावर संगणकास त्याची दखलच लागली नाहीं, तर घरचे उपाय थांबवावेत. अशा कार्डाची चकती थेट वाचणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. खर्च बराच येतो व यशाची हमी नसते, तेव्हां साधनाचें मोल पाहून ठरवावें. बाजारांत खोटीं कार्डेंही मिळतात. त्यांवर ६४ गिगाबाईट छापलेलें असतें, आंत ८ असतात, व नियंत्रकास खोटें बोलावयास शिकविलेलें असतें. आठ भरले कीं पुढील छायाचित्रें मागच्यांवर पडतात किंवा हवेंत जातात. कॅमेरा कांहींच कुरकुर करीत नाहीं, आणि ही लबाडी घरीं आल्यावर उघडकीस येते. येथें कोणताही कार्यक्रम चालत नाहीं, कारण तो मजकूर कधीं लिहिलाच गेला नव्हता. नवें कार्ड घेतल्यावर तें एकदां पूर्ण भरून परत वाचून पाहावें.

कार्ड हें दप्तर नव्हे, ती वाटेवरची झोळी आहे. कोंडलेला भार वर्षानुवर्षें थोडा थोडा गळतो, व उष्णतेनें अधिक गळतो. वैशाखांत चाकणच्या रस्त्यावर बंद मोटारींत तासन् तास ठेवलेल्या कार्डाचें आयुष्य त्यामुळें वाढत नाहीं. संध्याकाळीं घरीं येतांच सर्व छायाचित्रें दोन निरनिराळ्या ठिकाणीं उतरावींत, दोन्ही प्रतींचा ताळा संगणकाकडून काढवून तो जुळतो असें पाहावें, व मगच कार्ड रिकामें करावें. दोन प्रती एकाच कपाटांत ठेवणारे सद्गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. त्यांस ह्याच टापूंतील एक उदाहरण सांगावेंसें वाटतें. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या देहूस इंद्रायणींत बुडविल्या गेल्याची कथा सर्वश्रुत आहे. परंतु मूळचे चाकणचे संताजी जगनाडे ह्यांनीं अभंग आपल्या हातानें वेगळे उतरून घेतलेले होते, व त्यांच्या वह्या त्यांच्या घराण्यांत राहिल्या. पुढें त्यांच्याच आधारें वि. ल. भावे ह्यांनीं तुकोबांचा गाथा छापला. दुसरा हात, दुसरें घर: प्रतीचें स्थान कोठें असावें ह्याविषयीं ह्याहून अधिक सांगण्याची जरुरी दिसत नाहीं.

ह्या टापूंत गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ हौशी मंडळींनीं छायाचित्रें घेतलीं आहेत. चाकणच्या आसपासचीं मोठीं कामें होण्यापूर्वीं तेथील शेतें, देवळें, बुरूज, पार कसे होते, ह्याचा पुरावा त्यांच्या खणांत पडलेल्या कार्डांत असण्याचा संभव आहे. त्यांतील कांहीं कार्डें आज कोणी वापरीत नाहीं अशा जातींचीं आहेत: १९९४ पासून निघालेलीं जाड कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९८ चीं सोनीचीं मेमरी स्टिक, २००२ चीं ऑलिंपस व फुजीफिल्म ह्यांचीं एक्सडी. तीं वाचणारीं उपकरणें दुकानांतून नाहींशीं होत चाललीं आहेत, व भारही हळूहळू उतरत आहे. ज्यांच्यापाशीं अशीं कार्डें असतील, मग तीं 'बिघडलीं' म्हणून टाकून दिलेलीं कां असेनात, त्यांनीं तीं जुन्या कॅमेऱ्यांत घालून पाहूं नयेत, खटका असल्यास सरकवून ठेवावा, आणि वाचक-उपकरण मिळेल तेथें नेऊन येत्या पावसाळ्यापूर्वीं त्यांची समग्र प्रत करून घ्यावी.